धातूलाही शीण येतो

“काल उडत होतं ते आज कसं बिघडलं हो?”

हा प्रश्न मला एका शाळामास्तरांनी विचारला तो १९९६ सालच्या दिवाळीच्या तोंडावर. प्रश्न रागाने विचारलेला होता आणि राग यावा असे कारणही घडले होते. त्या वेळी मी काहीतरी जुजबी उत्तर दिले. खरे उत्तर द्यायचे तर तासभर तरी बसून बोलावे लागले असते, आणि त्यात माझी स्वतःची एक चूकही कबूल करावी लागली असती. दिवाळी अंकाच्या निमित्ताने ते उत्तर आज सवडीने देतो.

माझा सारा जन्म विमानांच्या देखभालीत गेला. शेकडो उतारू घेऊन समुद्र ओलांडणाऱ्या जेट विमानांच्या नव्हे; फ्लाइंग क्लबातल्या दोन-चार आसनांच्या चिमुकल्या विमानांच्या. वैमानिक होऊ पाहणारी मुले ज्यांवर उड्डाणाचा श्रीगणेशा गिरवतात, ती ही विमाने. विमान हवेत तरंगते कसे, असे मला पुष्कळांनी विचारले आहे. ते म्हातारे कसे होते, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. मास्तरांनी नकळत नेमके तेच विचारले होते.

हँगरमधली संध्याकाळ

पावसाळा संपून आकाश निवळले की फ्लाइंग क्लबाचा खरा हंगाम सुरू होतो. चार महिने खोळंबलेली मुले उड्डाणाचे तास भरून काढायला उतावीळ झालेली असतात. मी ज्या क्लबात होतो तिथे त्या वर्षी दोनच विमाने होती, दोन्ही ‘सेसना १५२’ जातीची. त्यांतल्या एकाचे इंजिन उघडून ठेवलेले, म्हणजे सारा भार दुसऱ्यावर. ते दुसरे विमान १९८० साली क्लबात आले होते. सोळा वर्षांत त्याने कितीतरी मुलांना उडायला शिकवले होते आणि त्यांच्या नवशिक्या उतरण्याचे हिसके मुकाट्याने सोसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका मुलाचे पहिले एकट्याचे उड्डाण होते. वैमानिकाच्या आयुष्यात या दिवसाला मुंजीइतके महत्त्व असते. शिक्षक शेजारच्या आसनावरून खाली उतरतो, दार लावून घेतो आणि म्हणतो, “जा, एक फेरी मारून ये.” मुलगा एकटा वर जातो, विमानतळाभोवती एक चक्कर मारून उतरतो, आणि उतरला की मित्र त्याच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओततात. या मुलाचे वडील साताऱ्याकडे शाळामास्तर होते. प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून, वर आणखी कर्ज करून त्यांनी पोराला या शिक्षणाला घातले होते. आईवडील रात्रीच्या एस.टी.ने कंदी पेढे घेऊन येणार, हे मुलाने साऱ्या हँगरला सांगून ठेवले होते.

त्या संध्याकाळी आमचा नवा उमेदवार ओल्या फडक्याने विमान पुसत होता. पुसता पुसता तो म्हणाला, “सर, शेपटीवर हात दाबला की आत टक् असं वाजतंय.”

मी वर न बघताच म्हणालो, “पत्रा आहे रे तो. वाजायचाच.”

तीनच आठवड्यांपूर्वी त्या विमानाची शंभर तासांची तपासणी झाली होती. तपासणी मी केली होती आणि लॉगबुकात सहीही माझीच होती. शेपटीत काही असते तर मला दिसले असतेच, असा माझा समज. पोरगा गप्प बसला. पण जाताना त्याने पुन्हा एकदा शेपटीच्या टोकाला हात लावून पाहिला. मीही कपडे बदलले, स्कूटरपाशी गेलो आणि किल्ली लावता लावता थबकलो. तपासणीच्या दिवशी शेपटीच्या मुळाशी मी टॉर्च घेऊन पाहिले होते खरे. पण उजव्या बाजूला आरसा आत घालून पाहिले होते का? आठवेना. आणि आठवत नाही, याचा अर्थ आमच्या धंद्यात ‘पाहिले नाही’ असाच धरायचा असतो.

मी परत फिरलो. शेपटीच्या मुळाशी असलेली पत्र्याची झाकणे काढली. दंतवैद्याकडे असतो तसा, पण लांब दांड्याचा एक आरसा आमच्याजवळ असतो. तो आत सरकवून टॉर्च मारला. विमानाच्या आडव्या शेपटीच्या पोटात, पुढच्या बाजूला, पत्र्याची एक लांब पन्हळीसारखी तुळई असते. तिला ‘स्पार’ म्हणतात. शेपटीवर पडणारा भार शेवटी तिच्यावर येऊन पोचतो. त्या स्पारच्या मध्याजवळ, वरच्या काठाशी, मला एक केस चिकटलेला दिसला. फडक्याने पुसला. निघाला नाही.

मग रंगाची परीक्षा केली. ही परीक्षा मोठी साधी आणि मोठी कठोर असते. जागा स्वच्छ करून तिच्यावर एक पातळ तांबडा रंग फवारायचा. पंधरावीस मिनिटे थांबायचे, म्हणजे भेग असेल तर रंग तिच्यात मुरतो. मग वरचा रंग अगदी कोरडा पुसून काढायचा आणि पांढऱ्या भुकटीचा हलका थर द्यायचा. भेग नसेल तर पांढरे ते पांढरेच राहते. असेल, तर आत मुरलेला तांबडा रंग हळूहळू वर पाझरतो. मी आणि तो उमेदवार टॉर्च धरून बघत उभे राहिलो. आधी एक ठिपका आला, मग दुसरा. आणि बघता बघता पांढऱ्यावर कुंकवाची बारीक रेघ ओढावी तशी दीड इंच लांबीची रेघ उमटली. डाव्या बाजूला तशीच आणखी एक, थोडी आखूड.

मी लॉगबुकात नोंद केली आणि पंख्याला तांबडी पाटी अडकवली : उड्डाणास अयोग्य.

सकाळी आमचे चिटणीस म्हणाले, “एक फेरी तर मारायची आहे. दहा मिनिटांचा प्रश्न. काल दिवसभर उडालंच की!” मी म्हटले, “दुसऱ्या कोणाची सही मिळाली तर उडवा, माझी मिळणार नाही.” ते चिडले, पण पाटी त्यांनी काढली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

आणि मग मास्तरांचा तो प्रश्न. रात्रभर एस.टी.त अवघडलेले, हातात पेढ्यांचा पुडा, पोराचा चेहरा उतरलेला. मी त्या दोघांना हँगरमध्ये नेले आणि आरशातून ती रेघ दाखवली. मास्तर पाहून काही बोलले नाहीत. मुलाच्या आईंनी पदर सावरला, वाकून नीट पाहिले आणि म्हणाल्या, “म्हणजे घडीवर विरलंय म्हणायचं.”

धातूंच्या शिणाविषयी मी आजवर पुष्कळ पुस्तके वाचली. त्या माउलीच्या वाक्याइतके नेमके मला कुठे सापडले नाही.

घडीवर विरते म्हणजे काय होते?

ठेवणीतली साडी वर्षानुवर्षे त्याच त्या घडीत ठेवली की घडीच्या रेषेवर एक एक धागा कमजोर होत जातो. वरून साडी नवीकोरी दिसते. एखाद्या दिवाळीला नेसायला काढावी आणि जरासा ओढा लागताच टर्रकन फाटावी. फाटली त्या दिवशी. विरत होती कितीतरी वर्षे.

धातूचे काहीसे असेच आहे. डब्याच्या पत्र्याचे झाकण हाताने एका ओढीत फाडू म्हटले तर फाटणार नाही. पण तेच एका रेषेवर इकडून तिकडे वाकवत राहिले, तर दहावीस वेळांत ते हातात तुटून येते. प्रत्येक वेळचा जोर क्षुल्लक असतो. तो पुन:पुन्हा लागतो, हेच त्याचे बळ. याला शास्त्रज्ञांनी धातूंचा ‘थकवा’ असे नाव दिले आहे. माणसाचा थकवा रात्रभर झोपल्यावर जातो. धातूचा जात नाही. विमान महिनाभर हँगरमध्ये विश्रांती घेत उभे राहिले, तरी तडा होता तिथेच आणि होता तेवढाच राहतो.

तडा सुरू कुठे होतो, हेही ठरलेले असते. सरळ, गुळगुळीत, सलग पत्र्यात तो सहसा सुरू होत नाही. त्याला कोपरा लागतो, भोक लागते, रिव्हेटची कड लागते, हत्याराचा एखादा ओरखडा लागतो. रुंद पत्र्याला ओढ दिली आणि मध्ये एक लहानसे गोल भोक असले, तर भोकाच्या काठावरचा ताण बाकीच्या पत्र्यापेक्षा तिप्पट होतो. ओढ्याचे पाणी मोठ्या दगडाला वळसा घालताना त्याच्या कडेने जोरात धावते, तसाच काहीसा हा प्रकार. विमानात तर हजारो रिव्हेटे, म्हणजे हजारो भोके.

एकदा तडा सुरू झाला की प्रत्येक हिसक्याला तो केसाच्या जाडीच्याही कितीतरी कमी अंतराने पुढे सरकतो. तुटलेल्या भागाचे तोंड भिंगाखाली धरले तर त्यावर ओहोटीनंतर वाळूत राहतात तशा वळ्या दिसतात. इथपर्यंत तडा आला, थांबला, पुन्हा सरकला, असा सारा इतिहास तिथे लिहिलेला असतो. शेवटी उरलेला धातू भार सोसण्यास अपुरा पडतो, आणि मग जे व्हायचे ते एका क्षणात होते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पोलादाला बहुधा एक मर्यादा असते. भार तिच्याखाली राहिला तर ते कितीही वेळा वाकवा, थकत नाही. विमानांसाठी वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंना अशी ठाम मर्यादा नाही. हलके म्हणून आपण त्यांना पसंत केले. पण भार लहान असला तरी त्यांच्या खात्यात प्रत्येक हिसक्याची नोंद होत राहते.

जगाला हे कळले कसे?

हे ज्ञान माणसाला फुकट मिळालेले नाही. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा कणा तुटला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. चांगला जाड लोखंडी कणा रोजच्याच वेगात तुटतो कसा, याचा विचार तेव्हापासून जोराने सुरू झाला. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर नावाच्या रेल्वे अभियंत्याने कण्यांना वर्षानुवर्षे फिरवून, वाकवून, किती भाराला किती फेऱ्यांनी ते तुटतात याची कोष्टकेच तयार केली. आजही धातूंच्या शिणाचा अभ्यास त्याच्याच पद्धतीच्या आलेखाने सुरू होतो.

विमानांच्या बाबतीत एक विलक्षण योगायोग आहे. नेव्हिल शूट हा इंग्रज कादंबरीकार स्वतः विमान अभियंता होता आणि त्याने विमाने बांधण्याची कंपनीही काढली होती. १९४८ साली त्याची ‘नो हायवे’ ही कादंबरी निघाली. तिचा नायक एक विसराळू, विक्षिप्त शास्त्रज्ञ. नव्या प्रवासी विमानाची शेपटी १,४४० तासांच्या उड्डाणानंतर थकून तुटणार, असे त्याने गणिताने काढलेले असते आणि कोणी त्याच्यावर विश्वास ठेवीत नाही. लोकांनी कादंबरी म्हणून ती वाचली. १९५४ साली जानेवारीत आणि एप्रिलमध्ये ‘कॉमेट’ ही दोन जेट विमाने इटलीजवळच्या समुद्रावर फुटून पडली. एकात ३५ आणि दुसऱ्यात २१ माणसे होती. इंग्लंडात फार्नबरोला शास्त्रज्ञांनी एक अख्खे कॉमेट पाण्याच्या टाकीत बसवले आणि त्याच्या पोटात पाण्याचा दाब पुन:पुन्हा चढवून उतरवून हजारो उड्डाणांचा शीण त्याला दिला. शेवटी त्याचे अंग एका खिडकीवजा भोकाच्या कोपऱ्यापासून फाटले. तिथे शेपटी नव्हती, पण शत्रू तोच होता.

शेपटीची पाळी १९७७ साली आली. १४ मे रोजी एक जुने बोइंग ७०७ माल घेऊन झांबियातल्या लुसाका विमानतळावर उतरत असताना त्याची उजवी आडवी शेपटी तुटून पडली. विमानाने नाक खाली घातले आणि आतली सहाही माणसे मेली. तडा शेपटीच्या मागच्या स्पारमध्ये एका भोकापाशी सुरू झाला होता. हे विमान बांधणाऱ्यांनी मोठी खबरदारी घेतली होती. एक भाग तुटला तर दुसऱ्याने भार पेलावा अशी त्या शेपटीची रचना होती. पण दुसरा भाग काही काळच पेलू शकतो. त्या काळात कोणीतरी पाहिले पाहिजे. ते कोणी पाहिले नाही. पुढे जगभरच्या त्या जातीच्या विमानांच्या शेपट्या तपासल्या, तेव्हा आणखी कित्येकांत तडे निघाले.

शेपटीच का?

विमानाची शेपटी शोभेसाठी किंवा नुसती वळण्यासाठी असते, असा पुष्कळांचा समज असतो. खरे म्हणजे साध्या विमानाचे नाक नेहमी खाली जाऊ पाहते, कारण त्याच्या वजनाचा मध्य पंखाच्या उचलीच्या थोडा पुढे असतो. आडवी शेपटी मागून खाली दाबते, म्हणून विमान समतोल राहते. भाजीवाल्याच्या तराजूचे दुसरे पारडेच म्हणा ना. विमान उडते आहे तोवर हे दाबणे चालूच असते. त्यात पुढच्या पंख्याने मागे फेकलेल्या हवेची थरथर, खराब हवेतले धक्के आणि उतरतानाचे आदळणे यांची भर पडते. शेपटी खाली दाबली जाते तेव्हा तिचा वरचा पत्रा ताणला जातो, आणि सगळ्यांत जास्त ताणला जातो तो मुळाशी, धडाला जोडलेल्या जागी.

आता या लहान विमानांचे वय पाहा. सेसना १५० आणि तिची धाकटी बहीण १५२ या दोन्ही मिळून तीस हजारांहून अधिक विमाने अमेरिकेतल्या विचिटा शहरच्या या कंपनीने काढली. जगातल्या असंख्य वैमानिकांचे पहिले उड्डाण त्यांच्यात झाले. पण १५२चे उत्पादन १९८५ साली थांबले ते कायमचे. म्हणजे आज कुठेही १५२ दिसली तर ती चाळिशीला आलेली किंवा चाळिशी ओलांडलेली असणार. मोटार इतकी जुनी झाली की आपण भंगारात देतो. विमान देत नाही, आणि नीट पाहिले तर द्यायचे कारणही नसते. मात्र ते नीट पाहणे हीच खरी अट.

अशा तड्यांच्या कथा अजून संपलेल्या नाहीत. सेसनाच्याच १८० आणि १८५ जातींच्या, तसेच जुन्या १८२ विमानांच्या शेपटीच्या जोडापाशी तडे सापडल्यावर अमेरिकन सरकारच्या विमान खात्याने २०२० साली त्यांची तपासणी सक्तीची केली. जोडाची रचना आणि उतरतानाचे जबर हिसके, असे त्याचे कारण दिले गेले. अलास्कात २०२० आणि २०२२ साली दोन जुन्या पायपर विमानांच्या उभ्या सुकाणूचा पोलादी खांब हवेतच थकून मोडला. दोन्ही वैमानिक सुखरूप उतरले, हे नशीब. भार मर्यादेच्या वर गेला की पोलादही थकते, हे त्यावरून दिसले.

कोणाच्या हातांनी?

आता माझ्या कबुलीकडे येतो.

आमच्या विमानाचा तडा पाहिल्यावर मला एक कोडे पडले. त्याने उड्डाणे पुष्कळ केली होती, पण नुसत्या उड्डाणाने तिथे इतका तडा जावा असे वाटेना. मी निर्मात्याचे देखभालीचे पुस्तक पुन्हा उघडले. जमिनीवर विमान हलवण्याविषयीच्या पानावर लिहिले होते की आडव्या शेपटीच्या बाहेरच्या भागावर भार देऊ नये. दाबायचेच असेल तर मागच्या धडावर, आतली चौकट जिथे आहे तिथेच दाबावे. हे पान मी पूर्वी वाचलेले होते. वाचले होते आणि विसरलो होतो.

त्याचे असे झाले. माझ्या पिढीचे हात ‘पुष्पक’ विमानावर तयार झाले. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने काढलेले हे छोटे विमान १९५८ साली प्रथम उडाले आणि पुढे देशभरच्या क्लबांना मिळाले. त्याचे तिसरे चाक मागे, शेपटीखाली असे. ते वळवायचे म्हणजे शेपटी उचलायची आणि फिरवायची. सेसनाचे तिसरे चाक पुढे, नाकाखाली. हँगर अरुंद, जागा अडचणीची. नाकाच्या चाकाला दांडा लावून इंचाइंचाने विमान वळवीत बसण्यापेक्षा, शेपटीच्या टोकाला दोघांनी भार दिला की नाक टपकन वर उठते आणि मागच्या दोन चाकांवर विमान भिंगरीसारखे फिरते. १९८० साली नवे विमान आले तेव्हा ही युक्ती हँगरच्या मामांना कोणी शिकवली? मीच. त्यांनी ती सोळा वर्षे इमानाने पाळली.

मी कागद घेऊन हिशेब मांडला. दिवसातून सरासरी सहा वेळा विमान वळवले, वर्षाचे तीनशे दिवस, सोळा वर्षे. २८,८०० वेळा. आणि हे दाबणेही कसे? हवेचा भार शेपटीच्या सबंध रुंदीवर पसरलेला असतो. आमचा भार नेमका टोकाला. एवढाच भार टोकाला दिला तर मुळाशी तो जवळजवळ दुप्पट वाकवतो, आणि तोही त्याच दिशेने, वरचा पत्रा ताणीत. उड्डाणात जे विरत होते त्याच घडीवर आम्ही जमिनीवर उभे राहून रोज बोटे फिरवीत होतो.

मामांना मी हे सांगितले तेव्हा ते कितीतरी वेळ बोललेच नाहीत. विमानाला तेलाचा डाग दिसला तर स्वतःच्या धोतराने पुसणारा तो माणूस. शेवटी म्हणाले, “साहेब, आमच्या हातानं झालं हे?”

मी म्हटले, “मामा, आपल्या. आणि शिकवलं मी.”

ती रात्र मला बरी गेली नाही. विमान दुसऱ्या दिवशी उडाले असते तर पडलेच असते, असे मी म्हणत नाही. कदाचित आणखी शंभर तास उडाले असते, कदाचित दहा. न झालेल्या अपघाताचा पुरावा कधी मिळत नाही. म्हणूनच विमान थांबवणाऱ्याच्या पदरी बहुधा शिव्याच पडतात, आणि त्या खाऊन गप्प राहणे हाही त्याच्या कामाचाच भाग असतो. मला डाचत होते ते निराळेच. तीन आठवड्यांपूर्वीची माझी सही. इतका लांब तडा तीन आठवड्यांत गेला असे मानायला मन तयार नव्हते. तो तेव्हाही तिथे असणार, आणि मी आरसा न घालता सही केली असणार. मी ते लेखी कळवले. मला ताकीद मिळाली. ती योग्य होती.

पुढे काय झाले

नवा स्पार परदेशातून यायला चार महिने गेले. अशा ठिकाणचा तडा भोक पाडून थांबवता येत नाही की ठिगळ लावून झाकता येत नाही. भागच बदलावा लागतो. क्लबाचा हंगाम बुडाला. विमान पुन्हा उभे राहिले तेव्हा मामांनी स्वतः तांबड्या रंगाने, मराठीत आणि हिंदीत, शेपटीच्या दोन्ही टोकांवर लिहिले : ‘येथे दाबू नये’. लांब दांडा नाकाच्या चाकाजवळच टांगला गेला. विमान वळवायला आता दुप्पट वेळ लागे, आणि कोणी घाई केली तर मामाच त्याच्यावर खेकसत.

मार्च महिन्यात त्या मुलाचे एकट्याचे उड्डाण झाले. मास्तर आणि आई पुन्हा आले होते. या वेळी पेढे आधी आणलेले नव्हते. मुलगा खाली उतरला, डोक्यावर पाणी पडले, आणि मग मास्तर स्वतः रिक्षा करून बाजारातून पेढे घेऊन आले. मला पेढा देताना म्हणाले, “त्या दिवशी जरा जास्तच बोललो, साहेब.” मी म्हटले, “तुमचा प्रश्न बरोबर होता.”

आणि तो उमेदवार? स्पारचा तडा सापडला त्याच रात्री मी त्याला म्हटले होते, “मी चुकलो. इथून पुढे काही वाजलं तर मला हलवून उठवून सांग.” त्याने ते फारच मनावर घेतले. पुढे दोन वर्षे तो मला दिवसातून चार वेळा काहीतरी वाजते म्हणून बोलावीत असे. चारांतल्या तीन वेळा काही नसे. मी प्रत्येक वेळी गेलो. आज तो स्वतः सह्या करणारा अभियंता आहे आणि त्याच्या हाताखालची पोरे त्याला असेच सतावतात, असे तो तक्रारीच्या सुरात पण मोठ्या खुशीने सांगतो.

तेव्हा मास्तर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. ते विमान त्या दिवशी बिघडले नव्हते. सोळा वर्षे, रोज थोडे थोडे, आमच्याच हातांखाली ते विरत होते. त्या दिवशी ते आम्हाला दिसले, इतकेच. आणि तेही मला आधी दिसले नाही. ओल्या फडक्याने पुसणाऱ्या एका पोराला ते ऐकू आले, आणि त्याने ते बोलून दाखवले, म्हणून.